पाचवा रंग : मोबाईलवरचे खेळ आणि आमची पोरे

अलीकडे आमच्याकडे सभा कोणतीही असो, जयंतीच्या तयारीची असो, पालकांची असो की महाविद्यालयातल्या अध्यापकांची, एक वाक्य ठरलेले असते : पोरे मोबाईलवर खेळून वाया गेली. वक्ता बदलतो, वाक्य बदलत नाही. मध्यमवर्गीय वर्तमानपत्रांना ह्यासाठी एक तयार शब्द सापडलेला आहे. व्यसन. हा शब्द एकदा उच्चारला की पुढे विचार करण्याची जबाबदारी संपते. आमच्या चळवळीतले जुने कार्यकर्तेही आता हाच शब्द वापरू लागले आहेत आणि त्याचे मला अधिक वाईट वाटते. कारण समाजात एखादी गोष्ट का घडते, हे विचारण्याची सवय आम्हाला त्यांनीच लावली.

एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला काढतो. पैसे लावून मोबाईलवर खेळायची रमी आणि तत्सम प्रकार ह्यांच्याशी मला काही कर्तव्य नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला. तो जुगार होता, त्याच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. मी बोलतो आहे ते हौसेने खेळायच्या खेळांबद्दल. पब्जी आणि त्याची भावंडे, फ्री फायर, संगणकावर परगावच्या माणसाशी खेळायचे बुद्धिबळ, आणि ह्या खेळांभोवती जमलेल्या मंडळ्या. ह्यांनीही डोळे बिघडतात, रात्रीची झोप जाते, हे खरे आहे. सकाळच्या पहिल्या तासाला मी समोरच्या बाकांवरच्या जांभया मोजतो. पण जांभया मोजून समाजशास्त्र होत नाही. प्रश्न असा आहे की पोरे तिथे का जातात, आणि गेल्यावर तिथेच का राहतात? जाणे आणि राहणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळ कंटाळवाणा झाला, बंद पडला, सरकारने बंद केला, तरी मंडळी टिकते. मग ती कशावर टिकते?

ह्या प्रश्नाचे पाश्चात्त्यांनी दिलेले सर्वांत प्रसिद्ध उत्तर रिचर्ड बार्टल ह्या इंग्रज गृहस्थांचे आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने अनेकांनी एकाच वेळी खेळायचा एक खेळ संगणकावर लिहायला घेतला आणि बार्टल यांनी तो पुढे नेला. मड हे त्याचे नाव. चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर नुसती अक्षरे. आज जगभर चाललेल्या अशा खेळांचा हा मूळपुरुष. १९९६ साली बार्टल यांनी एक निबंध लिहिला आणि खेळणाऱ्यांची पत्त्यांच्या चार रंगांत वाटणी केली. चौकट म्हणजे गुण मिळवत वरच्या पायऱ्या चढणारे. इस्पिक म्हणजे खेळाचा मुलूख खोदून पाहणारे. बदाम म्हणजे माणसांसाठी येणारे, गप्पांत रमणारे. किलवर म्हणजे दुसऱ्याला झोडपण्यात सुख मानणारे. ही वाटणी इतकी सोयीची ठरली की खेळ बनवणारे कारखानदार आजही ती समोर ठेवतात.

चार म्हटले की आमचे कान टवकारतात. हा संस्कार आमच्यावर कोणी केला ते ह्या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. चौघांत सगळे जग बसवणाऱ्याला आम्ही एकच विचारतो : पाचवा कुठे ठेवलात?

आणि गंमत अशी की पाचवा बार्टल यांच्या घरातच होता. अनेक वर्षांनी त्यांनी जाहीरपणे सांगितले की हा खेळ निर्माण करणे ही त्यांची आणि ट्रबशॉ यांची राजकीय कृती होती. इंग्लंडमध्ये माणसाचा जन्म कोणत्या वर्गात झाला त्यावरून त्याची किंमत ठरत असे. त्या जगाला कंटाळून त्यांनी दुसरे जग बांधले, जिथे जन्म विचारला जाणार नाही. हे वाचून मला ह्या माणसाविषयी आपुलकी वाटली. पण मग त्यांच्या चार रंगांत हा माणूस कुठे आहे? जन्माची पायरी बाहेर ठेवण्यासाठी जो खेळात येतो तो चौकट नाही, इस्पिक नाही, बदाम नाही आणि किलवर तर नाहीच. निर्माता ज्या कारणाने खेळाकडे वळला तेच कारण त्याच्या वर्गीकरणातून गळाले. असे का व्हावे? माझ्या मते ह्याचे कारण असे की त्यांनी खेळात शिरल्यावर माणूस काय करतो एवढेच पाहिले. येताना तो दाराशी काय काढून ठेवून आला, हे पाहिले नाही. जो काही काढून ठेवत नाही, ज्याला घरातल्या नावानेच सगळीकडे मान मिळतो, त्याच्यासाठी चार रंग पुरेसे आहेत.

आता हा प्रश्न आमच्या समुद्रकाठी आणून पाहू.

सिंधुदुर्गाच्या खेळांचे कौतुक करायचे म्हटले की प्रथम सावंतवाडीचा गंजिफा काढतात. लाखेचे रोगण दिलेली गोल पाने, चिताऱ्यांनी हाताने रंगवलेली. दशावतारी गंजिफ्यात अशी १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने. कलेच्या दृष्टीने वस्तू देखणी आहे, ह्यात वाद नाही. पण ह्या दहा रंगांत नववा रंग बुद्धाचा आहे. विष्णूचा नववा अवतार म्हणून! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी ह्याच समजुतीला नकार देणारी आहे. म्हणजे ज्याला आमच्या जिल्ह्याचा खेळ म्हणून जगभर दाखवले जाते त्या खेळाला बौद्धवाडीतला पोर बसला, तर हातात पान घेण्यापूर्वीच त्याला एक प्रतिज्ञा गिळावी लागते. ‘अहो, खेळच तो, इतके काय मनावर घ्यायचे?’ असे म्हणणारे भेटतात. खेळ इतका हलका असता तर त्याच्यावर अवतार रंगवायची गरज पडली नसती.

गावातले बाकीचे खेळ मांडावर, देवळाभोवती, शिमग्यात, जत्रेत. तिथे बारा-पाचाचे मानकरी, त्यांचा क्रम, त्यांचा नारळ. आमच्या आजोबांचे कामही ठरलेले असे आणि उभे राहण्याची जागाही. दशावतार रात्रभर चाले. पाहायला तेही जात. पण कुठून पाहायचे हे ते ठरवत नसत.

हे आठवण्याचे कारण असे की पाश्चात्त्य अभ्यासकांनी दिलेले दुसरे उत्तर जागेविषयी आहे. रे ओल्डेनबर्ग ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली ‘तिसरी जागा’ अशी कल्पना मांडली. घर ही पहिली, कामाचे ठिकाण दुसरी, आणि माणूस विनाकारण जाऊन बसतो, जिथे सगळे सारखे असतात, ती तिसरी. चहा-कॉफीची दुकाने, गुत्ते, न्हाव्याची दुकाने. पुढे २००६ साली कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दिमित्री विल्यम्स ह्या दोघांनी दाखवले की ऑनलाइन खेळ ही अशीच तिसरी जागा झाली आहे. अमेरिकेतली कोपऱ्यावरची दुकाने ओस पडली, माणसे इथे येऊन बसू लागली. हा निबंध प्रामाणिक आहे. पण चहाचे दुकान आणि न्हाव्याचे दुकान! ओल्डेनबर्ग यांनी समतेची उदाहरणे म्हणून जी दोन दुकाने घेतली, नेमकी तीच आमच्या अपमानाची दुकाने आहेत. चहावाल्याने आमच्यासाठी वेगळी कपबशी खिडकीत ठेवली. न्हाव्याने आमच्या डोक्याला हात लावला नाही. साताऱ्यात लहान भीमरावाचे केस ओट्यावर बसवून त्याची बहीण कापत असे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अमेरिकन माणसाची तिसरी जागा हरवली म्हणून तो खेळात गेला. आमच्या पोराची हरवायला होती कुठे? त्याच्यासाठी ही तिसरी जागा नाही, पहिलीच आहे. एखादी वस्तू गमावून परत मिळवणारा आणि ती जन्मात प्रथम पाहणारा, दोघे ती सारख्याच घट्ट हाताने धरणार नाहीत. आमची पोरे इतका वेळ तिथे का असतात ह्याचे निम्मे उत्तर मला इथे सापडते.

खेळाच्या रिंगणात जात गळून पडते असे सांगणारे जुनेच आहेत. योहान हाउझिंगा ह्या डच इतिहासकाराने १९३८ साली खेळावर जो ग्रंथ लिहिला त्यात रिंगणाची कल्पना आहे : आत आलात की बाहेरचे नियम थांबतात. भारतात हे रिंगण एका माणसाने आधीच तपासून ठेवले होते. पालवणकर बाळू. जातीने चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखत, त्यांना सरावासाठी गोलंदाजी करत हा माणूस डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुढे हिंदूंच्या क्लबाला सामने जिंकायचे होते म्हणून त्यांनी त्याला घेतले. मैदानात तोच चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षकाच्या हातून बाळूच्या हाती आणि बाळूच्या हातून त्याच्या हाती जात होता. चेंडू बाटत नव्हता. चहाची सुट्टी झाली की मात्र बाळूचा चहा तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या ह्या गोलंदाजाला हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले. रिंगण होते, पण त्याची मर्यादा सीमारेषेपर्यंतही नव्हती, चहाच्या सुट्टीपर्यंत होती. आणि ही जुनी कथा नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिलांचा हॉकी संघ हरला तेव्हा वंदना कटारिया हिच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके वाजवून जातीवाचक शिवीगाळ झाली. देशासाठी खेळणाऱ्या मुलीचे घर कोणते, वस्ती कोणती, हे फटाके वाजवणाऱ्यांना पाठ होते.

मोबाईलवरच्या खेळात चहाची सुट्टी नाही. हे हास्यास्पद वाटेल, पण मला ते फार महत्त्वाचे वाटते. तिथे पाणी नाही, पंगत नाही, घर नाही, बसायला दिलेले गोणपाट नाही. जातीला पकडायला ज्या ज्या वस्तू लागतात त्या कंपनीने नफ्यासाठी बनवलेल्या त्या बेटावर नाहीत. शंभर माणसे विमानातून उडी मारतात, चौघांचा एक गट, आणि प्रत्येकाचे नाव स्वतःच ठेवलेले. आईबापाने ठेवलेले नाही, गावाने दिलेले नाही, शाळेच्या दाखल्यावरचे नाही.

इथे बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ह्या १९६३ च्या संग्रहातल्या शीर्षककथेची आठवण होणे स्वाभाविक आहे. पोटासाठी परमुलखात जाऊन जात लपवणारा तिचा नायक उघडा पडतो आणि मार खातो. खेळात टोपणनाव घेणारा आमचा पोर म्हणजे त्याच नायकाची नवी आवृत्ती आहे काय? काही मित्र असे म्हणतात. मला ते पटत नाही. बागुलांच्या नायकाभोवतीचे सगळे आपापली नावे घेऊन उभे होते; तो एकटा लपलेला होता. म्हणून ती चोरी ठरली आणि चोरीची शिक्षा झाली. जिथे सगळेच आपले नाव दाराशी ठेवून येतात तिथे कोणी चोर नाही. टोपणनावाच्या मागे उद्या कोणी मोठ्या इनामदाराचा पोर असेल, तर त्यानेही त्याचे इनाम बाहेर ठेवलेले आहे. निदान आत शिरताना तरी. आमच्या पोरांना तिथे ओढून नेणारी गोष्ट ही आहे, बंदुका आणि धूर नाही. बंदुका सिनेमातही असतात.

हे झाले जाण्याविषयी. राहण्याचे प्रकरण अवघड आहे, कारण तिथे नाव पुन्हा मागच्या दाराने येते.

माझा एक विद्यार्थी आहे. त्याचे नाव सांगत नाही. ह्या लेखाचा विषयच तो आहे. मालवण तालुक्यातला, आई काजूच्या कारखान्यात जाते, बाप मुंबईला. २०२० च्या टाळेबंदीत शाळेच्या तासांसाठी घरात पहिला चांगला मोबाईल आला आणि त्यावर पब्जी आला. चौघांचा गट जमला : एक नांदेडचा, एक इंदूरचा, एक पंजाबातला कुठला तरी. सहा महिन्यांत हा त्या गटाचा म्होरक्या झाला. कुठे उतरायचे, कधी हलायचे, कोणाला मागे ठेवायचे, हे तो सांगतो आणि तिघे ऐकतात. मी त्याला वर्गात कधी मोठ्याने बोलताना ऐकलेले नाही. एकदा कानाला यंत्र लावून खेळताना ऐकले. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

त्या खेळात एक नियम आहे. गोळी लागलेला गडी लगेच मरत नाही, गुडघ्यांवर सरपटत राहतो. साथीदाराने जवळ येऊन काही सेकंद थांबावे लागते, मग तो उठतो. शत्रू नेमका ह्याच वेळी टिपतो, म्हणून उठवायला जाणे धोक्याचे. ‘सर, माका उचलूक तिघेव धावतत,’ हे त्याने मला सांगितले तेव्हा तो खेळाचे कौशल्य सांगत होता. मी दुसरेच काही ऐकत होतो. आमच्या वाडीतला माणूस रस्त्यात पडला तर कोण धावते आणि कोण आधी चौकशी करते, हे मी पाहत आलो आहे.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने चिनी कंपन्यांच्या इतर अॅपांबरोबर पब्जीवर बंदी घातली. व्यसनाचा सिद्धांत खरा असता तर त्या दिवशी हे चौघे पांगायला हवे होते. ते फ्री फायरवर गेले. २०२१ च्या जुलैत पब्जी नाव बदलून, कोरियन कंपनीच्या झेंड्याखाली परत आला, हे परत आले. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर बंद झाला, जुलैत हाही काढून टाकला गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. एवढ्या उलथापालथीत चौघे जण एकत्रच राहिले; मधल्या काळात काहीच खेळत नव्हते तरी रात्री अकराला बोलत होते. खेळ हे त्यांचे निमित्त उरले होते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ ह्या किनाऱ्यावरून गेले, कित्येक दिवस वीज नव्हती. चौथ्या दिवशी कोणाच्या तरी जनरेटरवर मोबाईल लावला तेव्हा त्या तिघांचे साठ-सत्तर निरोप आले. जगलास काय, घर आहे काय, आई कशी आहे. वाडीच्या पलीकडून तोवर कोणी विचारायला आले नव्हते, असे त्याची आई म्हणाली. आपण नसलो तर कोणाच्या तरी मोजणीत एक कमी भरतो, हे ज्याला कधी कळले नव्हते त्याला ते असे कळले. माणूस मंडळीत राहतो तो ह्या मोजणीसाठी. बार्टल ह्याला बदाम म्हणतील. बदाम गप्पांसाठी येतो. हा मोजला जाण्यासाठी राहिला आहे.

ह्या खेळांत मोठ्या मंडळीला क्लॅन म्हणतात. म्हणजे कूळ. कोकणात हा शब्द दुधारी आहे. कूळ म्हणजे घराणे, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा. दोन्ही अर्थ इथे लागू आहेत. बेट कंपनीचे, विमान कंपनीचे, पोराने पाच वर्षे कमावलेला दर्जासुद्धा कंपनीच्या दप्तरी. खोताच्या मनात आले की कुळाला उठावे लागे. इथे सरकारने खोतालाच उठवले आणि कुळे एका रात्रीत उघड्यावर आली. बाबासाहेबांनी १९३७ साली खोतीविरुद्ध विधेयक आणले आणि ती १९४९ च्या कायद्याने गेली. ह्या नव्या खोतीला अजून कोणी विधेयक लिहिलेले नाही. जे लोक ऑनलाइन मंडळ्यांचे नुसतेच गुणगान करतात त्यांनी हे विसरू नये.

आता नावाचे. ओळख वाढली की माणूस विचारतोच, तू कुठला? इंदूरच्या पोराला ‘मालवण’ एवढे पुरते. त्याच्या डोळ्यांसमोर किल्ला आणि मासे येतात. पण मंडळीत मुंबईचा, मूळचा कोकणातला कोणी आला की प्रश्न पुढे सरकतो. ‘खयचो रे तू? कोणाचो झील?’ आणि मग शेवटचा, ‘खयची वाडी?’ आमच्याकडे आडनावावरून फारसे कळत नाही. गावावरून पडलेली आडनावे सगळ्या जातींत आहेत. कदम, जाधव, पवारही सगळ्यांत आहेत. म्हणून कोकणाने जात वाडीत साठवली. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, चांगले केले. पण प्रश्न विचारणाऱ्याला पाटीची गरज नसते. ह्या प्रश्नाला माझा विद्यार्थी ‘नेट गेला’ म्हणतो आणि माईक बंद करतो.

दुसरा दरवाजा पैशाचा. खेळातले पोशाख, बंदुकांचे रंग विकत मिळतात. मित्र एकमेकांना भेट देतात, वर्गणी काढतात, आणि पैसे मोबाईलवरून पाठवतात. पैसे पाठवले की बँकेतले पूर्ण नाव समोरच्याच्या पडद्यावर येते. ह्या मुलाच्या बापाचे नाव बुद्धाच्या नावांपैकी एक आहे. धर्मांतरानंतर आजोबांनी ते अभिमानाने ठेवले, त्यासाठी गावाचे बोलणे खाल्ले. त्या नावासाठी नातू पैसे घेत नाही आणि देतही नाही. सगळा गट झगमगीत कपड्यांत आणि त्यांचा म्होरक्या कंपनीने फुकट दिलेल्या बनियनमध्ये. साथीदार त्याला गमतीने ‘गरीब’ म्हणतात. गरीब म्हणवून घेणे त्याला परवडते.

मी त्याला म्हटले, सांगून टाक ना. तुला उचलायला धावणारे तिघे आहेत, ते काय करतील? तो म्हणाला, ‘काय करतीत ता म्हायत नाय, म्हणान तर नाय सांगणंय.’ ते धावायचे थांबतील असे त्याला वाटत नाही. ते नक्की काय करतील हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसण्यात जे सुख आहे ते त्याला सोडायचे नाही. त्याच तिघांपैकी एक जण खेळताना चिडला की शत्रूला जातीच्या नावाने शिवी घालतो. हिंदी मुलखात ती शिवी इतकी रुळलेली आहे की घालणाऱ्याला ती शिवी वाटतच नाही. म्होरक्या त्या वेळी फक्त पुढची चाल सांगतो.

माईक बंद ठेवणारे आणखीही आहेत. माझ्या वर्गातली एक मुलगी दोन वर्षे खेळते आहे आणि आजवर एक शब्द बोललेली नाही. आवाजावरून मुलगी कळली की काय सुरू होते ते तिने पहिल्याच आठवड्यात ऐकले. ती खुणांनी खेळते. तिच्याविषयी स्वतंत्र लिहायला हवे, आणि ते तिनेच लिहिले तर बरे.

असे असताना चळवळीने काय करावे? मला आमच्याच घरात बोट दाखवावे लागेल. जयंती मंडळात अठरा वर्षांच्या पोराला आपण काय देतो? खुर्च्या मांडायला देतो, ध्वनिक्षेपकाची तार ओढायला देतो, मिरवणुकीत नाचायला देतो. अध्यक्ष तेच, सरचिटणीस तेच, भाषणही तेच. खाली बसलेल्याने प्रश्न विचारला तर ‘आधी वाचून ये’ असे सांगतो आणि वाचनालयाची किल्ली खजिनदाराच्या घरी. त्या बेटावर हा पोर रोज पंधरा वेळा हरतो आणि कोणी त्याला हसत नाही. पुन्हा विमानात बसवतात. हरण्याची मुभा असलेली एकही जागा आम्ही त्याच्यासाठी राखलेली नाही. पहिल्या पिढीच्या पदवीधराला नापास व्हायची सोय नसते, हे मी अनुभवाने सांगतो. सगळी वाडी निकाल पाहत असते. आमच्या संघटनेचा इतिहास नामांतराचा, मोर्च्यांचा, लाठ्यांचा आहे. तो मोठाच आहे. पण त्या मोर्च्यांत पुढे असलेले तरुण तेव्हा वीस-बावीस वर्षांचेच होते आणि त्यांना कोणी तार ओढायला ठेवले नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

अलीकडे ह्या खेळांत एक निराळा प्रकार मी पाहतो आहे. काही पोरे खेळातल्या नावातच ‘जयभीम’ लावतात. मंडळीचे नावही तसेच ठेवतात. दारात नाव काढून ठेवण्याऐवजी नवे नाव कपाळावर लावून आत येणे. ह्यांना शिव्या पडतात, अनोळखी गटातून बाहेर काढले जाते, तक्रारी होतात. पण बेटावर दुसऱ्या टोकाला कोणी तरी ते नाव वाचतो, बंदूक खाली करतो, ‘जयभीम’ लिहितो आणि मगच गोळी घालतो. खेळ तो खेळच. ह्या पोरांना कोणत्याही नेत्याने हे शिकवलेले नाही, कोणत्याही ठरावात ते आलेले नाही. बार्टल यांच्या चार रंगांत हेही बसत नाहीत. बाळूला तंबूबाहेर बसवले गेले, बागुलांच्या नायकाला लपावे लागले. हे तिसरेच काही आहे आणि त्याला अजून आमच्या समीक्षेत शब्द नाही. त्यात धोकाही दिसतो. आपल्याच नावाच्या मंडळीत आपणच राहिलो तर ती पुन्हा एक वाडी होईल, समुद्राच्या ऐवजी पडद्याने वेढलेली. पण हा धोका बाहेर उभे राहून दाखवणे सोपे आहे.

अशा एका मंडळीने माझ्या विद्यार्थ्याचा खेळ कुठे तरी पाहिला आणि त्याला म्होरक्या म्हणून बोलावले. विदर्भातली, मराठवाड्यातली, मुंबईतली पोरे आहेत. त्याने मला ती लिंक दाखवली. तिथे गेला तर माईक बंद करावा लागणार नाही, वाडी सांगता येईल, बापाच्या नावाने पैसे घेता येतील. आणि नांदेड, इंदूर, पंजाब हे तिघे सुटतील. कारण रात्री अकरा ही वेळ एकच आहे. ही गोष्ट वर्षापूर्वीची. ते निमंत्रण त्याने अजून स्वीकारलेले नाही, आणि पुसूनही टाकलेले नाही.